‘खात्री करा’ न लिहिणाऱ्या बाई

बाईंच्या टेबलावर ग्रीसचा एक डबा असायचा. आमचं ऑफिस पहिल्या मजल्यावर, एसीचं, वर्कशॉप खाली. ग्रीसचं काम खाली. पण मॅन्युअलचं पान छापून बाईंपुढे ठेवलं की त्या आधी दोन बोटं डब्यात बुडवत, पानावर मधोमध फासत, पान हातभर लांब धरत आणि म्हणत, "आता वाच." वाचता आलं तर पान पुढे जायचं. नाही आलं तर अक्षर मोठं करायचं, वाक्य लहान करायचं, आणि पुन्हा ग्रीस.

"आपलं पुस्तक कपाटात नाही राहणार गो," त्या म्हणत. "मशीनपाशी पडून राहणार. तिथे हात धुऊन कोण वाचतो?"

मी पालघरची. बीएस्सी झाले, मराठी-इंग्रजी दोन्ही बरं लिहिता यायचं, म्हणून बोईसरच्या एमआयडीसीतल्या या कंपनीत टेक्निकल रायटर म्हणून लागले. घरी पेढे वाटताना शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, "रायटर म्हणजे पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेतो तो?" त्यांना समजावता समजावता माझ्याच लक्षात आलं की आपण नक्की काय करणार हे आपल्यालाही माहीत नाही. आमची कंपनी रासायनिक कारखान्यांसाठी फिल्टर बनवायची. माणसाच्या छातीएवढ्या उंचीची स्टीलची पिंपं, वर बोल्टांनी आवळलेलं जाड झाकण. आत दाब देऊन द्रव गाळायचा, मग झाकण उघडून खाली राहिलेला गाळ काढायचा. हे पिंप कसं चालवायचं, कसं धुवायचं, बिघडलं तर काय बघायचं, ते लिहिणं हे आमचं काम.

बाई त्या खात्याच्या प्रमुख. पन्नाशी ओलांडलेली, काटक, सावळी बाई. अंगावर सुती साडी, केसांत अबोलीचा गजरा, पायांत लोखंडी टोपणाचे सेफ्टी शूज. खाली वर्कशॉपमध्ये हेल्मेट घालावं लागे तेव्हा गजरा काढून ड्रॉवरमध्ये ठेवत आणि वर आल्यावर पुन्हा माळत. केळव्याच्या बाजूच्या खाडीकाठच्या मच्छीमार घरातली ही मुलगी. गावातून डिप्लोमा करणारी पहिली. बरीच वर्षं खाली असेम्ब्लीत काम केलं आणि मग स्वतःहून वर लिहायला आल्या. लोक त्यांना मॅडम म्हणत. मी पहिल्याच दिवशी चुकून बाई म्हटलं आणि तेच राहिलं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला फिल्टर दाखवलाच नाही. एक कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, "बोंबील कसे साफ करायचे ते लिही."

मला हसू आलं. आमच्या घरी आठवड्यातून दोनदा बोंबील. मी झोकात लिहिलं, ‘प्रथम बोंबील स्वच्छ करून घ्यावेत.’ बाईंनी तो कागद अकाउंट्समधल्या एका गृहस्थांपुढे ठेवला. जन्मात मासा हातात न धरलेला माणूस. "यावरून तुम्ही काय कराल?" बाईंनी विचारलं.

त्यांनी फार मनापासून विचार केला. म्हणाले, "साबण लावून धुईन."

सगळं ऑफिस हसलं. बाई मात्र हसल्या नाहीत. "त्यांचं काही चुकलं नाही," मला म्हणाल्या. "स्वच्छ म्हटलं की साबणच. तुझ्या डोक्यात डोकं काढ, पोट फाड, शेपूट काप हे सगळं होतं. कागदावर नाही आलं. जे डोक्यात राहिलं त्याचा ग्राहकाला उपयोग नाही."

संध्याकाळपर्यंत मी तो कागद पुन्हा पुन्हा लिहीत होते. सुटायच्या वेळी ते गृहस्थ स्वतःहून येऊन म्हणाले, "आता जमेल असं वाटतं, पण करणार नाही." तेव्हा कुठे मला घरी सोडलं.

काही शब्दांवर बाईंची बंदी होती. ‘आवश्यकतेनुसार’ हा त्यातला पहिला. "कोणाच्या आवश्यकतेनुसार? तुझ्या का त्याच्या?" दुसरा ‘इत्यादी’. "पुढचं आठवत नसेल तर खाली जाऊन बघून ये." आणि कोणालाही ‘कळलं का?’ असं विचारायचं नाही, हा नियम. कळलं का म्हटलं की माणूस हो म्हणतो. लाजेने म्हणतो, घाईने म्हणतो, समोरच्याला बरं वाटावं म्हणून म्हणतो. बाई म्हणत, "करून दाखव." त्यांच्या घरच्या मोलकरणीपासून कंपनीच्या मालकापर्यंत सगळ्यांना त्या हेच म्हणत, आणि त्यामुळे पुष्कळ जणांना त्या नकोशा वाटत.

त्यांच्याबरोबर कुठे बाहेर जाणं अवघडच. औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी त्या दुकानातच उलगडून वाचत. एका रविवारी मला केळव्याच्या समुद्रावर घेऊन गेल्या. मुंबईची मंडळी पाण्यात धुमाकूळ घालत होती. सुरूच्या झाडांपाशी एक फलक होता, ‘धोका! पाण्यात जाऊ नये.’ बाई त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "समोर सगळा समुद्र पसरलाय. कोणत्या पाण्यात जाऊ नये? माणूस काय बघायला आलाय इथे, फलक?" मग मला किनाऱ्याने चालवत खाडीच्या तोंडापर्यंत नेलं आणि म्हणाल्या, "ओहोटी लागली की इथलं पाणी ओढतं. इथेच ओढतं, तिथे नाही. आता तू लिही." मी लिहिलं, ‘ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी उतरू नका. पाणी आत ओढून नेतं.’ बाईंनी मान डोलावली. मग पोरांचा एक घोळका त्याच बाजूला निघालेला दिसला, तेव्हा माझा कागद खिशातच राहिला आणि बाई पदर खोचून त्यांच्यामागे धावल्या.

लोक म्हणत, हिच्या घरचं कोणीतरी अपघातात गेलं असणार, त्याशिवाय माणूस असा होत नाही. एकदा धीर करून मी विचारलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काम नीट करायला कोणी मरायला लागतं काय?"

मोठं भांडण झालं ते नव्या फिल्टरच्या वेळी.

मॅन्युअल लिहायच्या आधी जुनं मशीन कसं वापरतात ते बघायचं, ही बाईंची पद्धत. म्हणून आम्ही कुंभवलीच्या बाजूच्या एका कारखान्यात गेलो. तिथे आमचा आधीचा फिल्टर होता. नव्याची घडणही तशीच, फक्त आकार मोठा. मशीनवरचा माणूस उत्तर प्रदेशातला, बोलका, हसतमुख. त्याने सगळं दाखवलं. दाब सोडायचा व्हॉल्व्ह उघडला, थोडा थांबला, मग पान्याने झाकणावर टण् टण् असे दोन ठोके मारले आणि बोल्ट सैल करायला वाकला.

"ये ठोका क्यों?" बाईंनी विचारलं.

"आवाज़ से समझ जाते हैं मॅडम. अंदर प्रेशर हो तो आवाज़ भारी आता है."

"और गेज?"

दाब दाखवणारी ती गोल तबकडी पिंपाच्या मागच्या अंगाला होती. मागे भिंत, आणि भिंतीलगत पाइपांची गर्दी. त्याने हसून हात उडवला. "उधर कौन जाएगा? आदमी घुसता ही नहीं."

"और नया आदमी आएगा तो?"

"सीख जाता है, मॅडम."

परत येताना बाई माझ्या स्कूटरवर मागे बसल्या होत्या. ऑफिसात आल्या, गजरा न माळताच खुर्चीत बसल्या आणि नव्या मॅन्युअलचा कच्चा खर्डा उघडला. सहाव्या पायरीला मीच लिहिलेलं वाक्य होतं: ‘झाकण उघडण्यापूर्वी आतील दाब शून्य असल्याची खात्री करा.’ बाईंनी त्यावर काट मारली. "हे वाक्य मी छापणार नाही."

डिझाइन विभागाचे प्रमुख हुशार गृहस्थ होते आणि तसे भलेही. त्यांना वाटलं, वाक्य पुरेसं कडक नाही म्हणून बाई रागावल्या. ते म्हणाले, "मॅडम, लाल अक्षरात टाका. चौकट करा. कवटीचं चित्र टाका."

"लाल अक्षर वाकून पलीकडे बघत नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "गेज मागे आहे. ते पुढे आणा. मग मी साध्या काळ्या अक्षरात लिहीन."

गेज पुढे आणणं म्हणजे नुसता पाइप वळवणं नव्हतं. झाकणाची रचना बदलायला लागणार होती, पुन्हा चाचण्या घ्यायला लागणार होत्या आणि ग्राहकाला दिलेला शब्द मोडणार होता. प्रकरण मालकांपर्यंत गेलं. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. शेठनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं, मलाही बाईंनी बरोबर घेतलं.

"तुमचं काम लिहायचं आहे," शेठ म्हणाले. "मशीन कसं असावं ते ठरवायला दुसरी माणसं आहेत."

"लिहितेच आहे शेठ. पण खोटं कसं लिहू?"

"यात खोटं काय आहे? खात्री करा म्हणजे करा."

"जी करताच येत नाही ती करा म्हणणं खोटंच. उद्या काही झालं तर आपण हे पान दाखवणार. बघा, आम्ही सांगितलं होतं. पान मशीनवरच्या माणसासाठी नाही लिहिलेलं, आपल्यासाठी लिहिलंय."

शेठचा चेहरा लाल झाला. मॅन्युअलवर बाईंची सही असल्याशिवाय मशीन बाहेर पडत नसे; तो नियम शेठनीच कधीतरी केला होता. ते म्हणाले, "सही करायची नसेल तर सही करणारं माणूस बदलता येतं." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

नोकरी नवी होती. बाई माझ्याकडे बघतही नव्हत्या. मी म्हटलं, "शेठ, मीपण तो ठोका ऐकलाय." एवढंच बोलले. पण शेठ मागे टेकून बसले आणि म्हणाले, "मग तुम्हाला काय हवंय?"

"डिझाइनच्या साहेबांनी एकदा हे मशीन आमच्या कागदावरून उघडून दाखवावं," बाई म्हणाल्या. "मागे भिंत आहे असं समजून."

दुसऱ्या दिवशी चाचणीच्या शेडमध्ये बाईंनी फिल्टरच्या मागे प्लायवूडचा मोठा पडदा लावून घेतला. साहेबांना रबरी हातमोजे, तोंडावर मास्क, डोळ्यांवर गॉगल. कारखान्यातला माणूस जसा असतो तसं. पिंपात नुसतं पाणी होतं आणि हवेचा अगदी थोडा दाब, कोणाला इजा होणार नाही एवढाच. दाब सोडायच्या नळीत बाईंनी आधीच चिंधीचा बोळा घालून ठेवला होता. चिकट माल असला की ती नळी अशीच तुंबते, हे शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. शेठ खुर्चीवर. मी पायऱ्या मोठ्याने वाचत होते.

साहेबांनी सगळं बिनचूक केलं. पंप बंद. वरचा व्हॉल्व्ह बंद. दाब सोडायचा व्हॉल्व्ह उघडा. मी सहावी पायरी वाचली, "आतील दाब शून्य असल्याची खात्री करा."

साहेबांनी एकदा प्लायवूडकडे नजर टाकली. गॉगलवर वाफ धरली होती. व्हॉल्व्ह तर त्यांनी स्वतःच्या हाताने उघडला होता. "हो, झाला शून्य," ते म्हणाले आणि पाना बोल्टला लावला.

बाईंनी पुढे होऊन त्यांच्या हातावर हात ठेवला. प्लायवूड बाजूला सारायची खूण केली. सगळे वळसा घालून मागे गेले. गेजचा काटा शून्यावर नव्हता.

साहेबांनी मास्क काढला. घामाने डबडबले होते. मला वाटलं आता ते चिडतील, फसवलं म्हणतील. ते काट्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, हे मशीन मीच कागदावर काढलंय. मला पाठ आहे." बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "म्हणूनच तुम्हाला बोलावलं, साहेब. दुसरा कोणी चुकला असता तर आपण त्याला अडाणी म्हटलं असतं."

गेज पुढे आलं. झाकणाला अशी खिट्टी आली की दाब असेपर्यंत बोल्टला पाना लागूच नये. ती खिट्टी साहेबांनी स्वतः शोधून काढली आणि पुढे ते कौतुकाने सगळ्यांना दाखवत. मशीन उशिरा गेलं. ग्राहक ओरडला, शेठनी बाईंशी काही दिवस बोलणं टाकलं. बाईंना त्याचं काही नव्हतं, कारण तोवर त्यांनी दुसरंच काढलं होतं. आधी विकलेल्या मशीनांचं काय?

तारापूरच्या पट्ट्यात आमचे जुने फिल्टर कुठेकुठे आहेत ते शोधत आम्ही दोघी स्कूटरवर फिरलो. कुठे वॉचमन आत सोडेना, कुठे मॅनेजर म्हणे आमच्याकडे कधी काही झालेलं नाही. बाई गेटवरच्या स्टुलावर बसून राहत. डबा तिथेच उघडत. सुक्या बोंबलाचा वास सुटला की आतून कोणीतरी यायचंच, आणि मग बाई त्याला धरत. गेज पुढे घ्यायला आमचा फिटर यायचा, खिट्टी बसायची, आणि बाई तिथल्या माणसाकडून झाकण उघडवून घ्यायच्या. कुंभवलीच्या त्या हसऱ्या माणसाने नवीन गेज बघितलं, मान हलवली, आणि तरीही सवयीने दोन ठोके मारले. बाई म्हणाल्या, "मारो, मारो. लेकिन पहले इधर देखो."

एक कारखाना बंद पडलेला निघाला. त्याचं मशीन भंगारात गेलं होतं. बाई भंगारवाल्याकडे गेल्या. तो म्हणाला, "बाई, हे वितळायला चाललंय." आता घरी जाऊ असं मी म्हणणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आणि मधल्या मध्ये कोणी विकत घेतलं तर?" त्यांनी त्याच्याकडून कटर मागून घेतला आणि झाकणाचे बोल्ट अडकवायचे कान कापायला लावले. झाकण पुन्हा कुठल्याच पिंपावर बसणार नाही याची सोय झाली, तेव्हा तिथून हलल्या.

बाई निवृत्त झाल्या आणि गावी जाऊन राहिल्या. त्यांची खुर्ची मला मिळाली. महिन्या-दोन महिन्यांनी मी त्यांच्याकडे जायची. अंगणात बांबूच्या आडव्या वलांडीवर बोंबील वाळत असायचे, आणि बाई खाली बसून काहीतरी लिहीत असायच्या.

गावातल्या बोटींवर त्या सुमारास एक नवीन यंत्र बसलं होतं. समुद्रात अडचण आली की बटण दाबून धरायचं. किनाऱ्यावर संदेश जातो, आणि तो पोचला की यंत्रावर छोटा दिवा लागतो. बरोबर एक पुस्तिका होती. ती घराघरात देव्हाऱ्याशेजारी जपून ठेवलेली, कोणी न उघडलेली. बाईंचा भाचा एका बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख. बाईंनी त्याला करून दाखव म्हटलं. त्याने बटण नुसतं दाबून सोडलं. झालं, बाई कामाला लागल्या. पाण्याने न भिजणारा एक कागद, त्यावर चार चित्रं, चार ओळी, ओळी गावच्याच बोलीत. बोटींवर चढून त्यांनी प्रत्येक यंत्राशेजारी तो चिकटवला. बाईमाणूस बोटीवर कशाला, म्हणून जुन्या लोकांनी नाकं मुरडली. बाईंनी लक्ष दिलं नाही.

एकदा मी गेले तर अंगण माणसांनी भरलेलं. भाच्याच्या बोटीचा पाण्याखालचा पंखा खोल समुद्रात तुटला होता. लाटा वाढत होत्या. त्यांनी बटण दाबलं, संदेश पोचला, दुसऱ्या बोटीने येऊन दोर बांधून ओढत आणलं. सगळी माणसं धड घरी आली होती. कोणी नारळ फोडत होतं, भाच्याची आई रडत आणि हसत होती. मी भाच्याला म्हटलं, "मग बाईंचा कागद उपयोगी पडला."

"कागद?" तो गोंधळला. "कागद नाय वाचला आमी. चित्रं दिसतात ना समोर. दाबून धरला."

बाई खुशीत हसल्या. असं नुसतं खुशीत हसताना मी त्यांना फार वेळा बघितलेलं नाही. पण लगेच त्यांनी विचारलं, "आन् दिवा? दिवा लागला काय लगेच?"

"तो कळला नाय आते. ऊन पडलेला ना, उनात दिवा दिसतच नाय. आमाला वाटला लागला नाय, म्हणून सोडला, परत दाबला, परत सोडला. मग बाळ्याने टोपी धरली वर, तवा दिसला."

"किती बारी सोडला?"

"चार-पाच बारी असेल. जाऊ दे ना आते. आलो ना आमी."

बाईंचं हसू गेलं. हातातला चहा त्यांनी ओट्यावर ठेवला. "मी सकाळचं तपासलं," त्या मला म्हणाल्या. "सावलीत. भर उन्हात उभी राहून बघितलंच नाही." आणि त्या आत गेल्या. भाच्याची आई मला विचारत राहिली, काय झालं, कोणी काय बोललं का हिला?

दुपार डोक्यावर होती. बाईंनी भाच्याकडून यंत्र काढून घेतलं, आज बटणं तपासतोय असं किनाऱ्यावरच्या केंद्राला फोनवर कळवलं, धक्क्यावर उघड्या उन्हात उभ्या राहिल्या आणि मला निरनिराळ्या बाजूंनी हात धरायला लावून दिवा कुठून दिसतो ते बघितलं. मग तिथेच बसून पाचवं चित्र काढलं: दिव्यावर आडवा धरलेला हात. खाली ओळ लिहिली, ‘उनात दिवा दिसत नाय. हात आडवा धरून बघा. दिवा दिसल्याबिगर बटन सोडू नका.’ गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून प्रती काढून प्लास्टिकमध्ये बंद करून आणायला मला पिटाळलं.

मी परत आले तेव्हा भरती चढत होती आणि बोटी निघायच्या तयारीत होत्या. बाई एकेका बोटीवर चढत होत्या, जुना कागद नखाने खरवडून काढत होत्या, नवा लावत होत्या, आणि तांडेलाकडून बटण धरवून, हात आडवा करवून घेत होत्या. एक म्हातारा तांडेल म्हणाला, "आगो, ऱ्हाऊ दे ना पयला. चांगला हाय तो."

"चांगला नाय तो. त्याच्यात चूक हाय माझी," बाई म्हणाल्या आणि खरवडत राहिल्या.

शेवटच्या बोटीने नांगर उचलला होता. मी म्हटलं, बाई, राहू द्या, ती परत येईल तेव्हा लावू. बाईंनी माझ्या हातातला कागद घेतला, साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि त्या पाण्यात उतरल्या. पाणी मांडीला लागलं, कमरेला लागलं. कागद डोक्यावर धरून त्यांनी हाक मारली, आणि तांडेलाने इंजिन बंद केलं.